फ्लूचं व्याख्यान आणि माझं बंद दार

काय सांगू, अजून आठवलं की डोकं तापतं माझं! मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि भर पॅसेजमध्ये माझ्याच घराचं दार तोडायला मीच खांदा लावला. हसू नका! आधी ऐका.

आमची मानसी फ्लूच्या व्हायरसवर पीएच.डी. करते. आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिचं पहिलंच व्याख्यान ठरलं. पोरगी आठवडाभर आरशासमोर बोलत होती. खुर्च्या मी लावल्या, माईक मी आणला, आणि ऐन दिवशी ताप कुणाला? मलाच!

"बाबा, खाली यायचं नाही. हॉलभर फ्लू वाटाल," मानसीनं दम भरला.

म्हणजे बापानं लेकीचं पहिलं भाषण ऐकायचं नाही? हा कुठला न्याय? सगळे खाली गेल्यावर मी मास्क लावला, माकडटोपी चढवली, किल्ली खिशात टाकून दार ओढून घेतलं. वॉचमन यादवला बजावलं, "कुणीही विचारलं तर सांगायचं, साहेब वर झोपलेत." आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसलो.

मानसी सांगत होती, "आपल्या पेशीत निरोप पोचवणारी प्रोटीन्स असतात. चोर शिरला की ती बोंब मारतात. व्हायरसचं प्रोटीन काय करतं? त्या निरोप्यालाच धरतं. मग आत निरोप जातो, सगळं ठीक आहे, काम चालू ठेवा. आणि काम कसलं? तर व्हायरसच्याच नकला काढायच्या!"

काय हा निर्लज्जपणा! आपल्या घरात घुसायचं, आपलाच माणूस फितवायचा, वर आपल्यालाच राबवायचं? मास्कच्या आत मी दातओठ खात होतो.

तेवढ्यात बायको मला पेज द्यायला वर गेली. बेल वाजवली. दार कोण उघडणार? तिची किल्ली आत, माझा फोनही आत. तिनं खाली येऊन यादवला विचारलं.

"साहब ऊपरच सोयेला है, नीचे आयाच नहीं!" यादव छातीठोकपणे म्हणाला.

झालं! "अगो मानसी, बाबा दार उघरत नाय!" करत ती हॉलमध्ये शिरली. मानसीनं माईक टाकला. अख्खा हॉल जिन्यावर! एकटा बसलो तर पकडला जाईन, म्हणून मीही गर्दीत घुसलो. पोरीचं भाषण मोडलं होतं हो! आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"ओ मास्कवाले, बघताय काय? लावा खांदा!" शेजारचे पाटील माझ्यावरच खेकसले.

लावला! किल्ली खिशात, आणि मी दार ढकलतोय! तेवढ्यात मला शिंक आली. माझी शिंक अख्ख्या बिल्डिंगला पाठ.

"टोपी कारा ती!" बायको कडाडली. "माजा जीव जायाची पाली आली, नि तुमी हितं?"

मी यादववर घसरलो, तर तो म्हणतो, "साहब, आपनेही तो बोला था!"

मी मानसीकडे वळलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मात्र मी गुपचूप खिशातली किल्ली काढून दिली.

सगळे परत हॉलमध्ये गेले. मला हॉलच्या दाराबाहेर उभं केलं. पाटलांनी विचारलं, "पोरी, एवढी हुशार आपली पेशी, मग व्हायरसला ओळखत कशी नाही गं?"

मानसीनं डोळे पुसले, माईक उचलला आणि बोट थेट माझ्याकडे केलं.

"काका, तुम्ही तरी ओळखलंत का? तुमच्या शेजारी उभा राहून दार ढकलत होता!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. आता तुम्हीच सांगा, जन्मदात्या बापाला असं म्हणायचं? आणि सगळ्यात जोरात टाळ्या कुणाच्या? आमच्या बायकोच्या!