डोंगरावरची निळी गाडी

शेवगावात पाथर्डी रस्त्याला वैजनाथ दहिफळेचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. माणूस पन्नाशीचा, पण एका जागी टेकत नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे, लहानपणीची निम्मी वर्षं फडावरच्या पाचटाच्या कोपीत गेली. बायको पंकजा म्हणते, तेव्हापासूनच यांच्या पायाला भिंगरी लागली.

झोप मात्र उडाली ती सात वर्षांपूर्वी. गोरक्षनाथ नावाचं गिऱ्हाईक घाईत होतं. त्याच्या पुढच्या ब्रेकचे पॅड झिजलेले वैजनाथला दिसले होते. "उद्या टाकू," गोरक्षनाथ म्हणाला आणि यानं किल्ली दिली. त्याच संध्याकाळी तो उसाच्या ट्रॉलीवर आदळला. पाय गुडघ्यातून गेला. त्यानं वैजनाथला कधी दोष दिला नाही. वैजनाथला तेच सोसवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका ऑइल कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्यांना जोडीनं थायलंडची सहल दिली. वैजनाथनं सगळ्यात आधी नगरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. सहलीला निघालेले नेवाशाचे दुकानदार आबासाहेब हसले, "तिकडं कोण इचारतंय?"

"पोलिसानं न्हाई इचारलं तरी अपघात झाला की इमावाला इचारतो, आबासाहेब."

दोन दिवस एसी बसमध्ये त्याची नुसती चुळबुळ चालली होती. तिसऱ्या दिवशी चियांग माईत मोकळा वेळ मिळाला, तसा तो पंकजाला घेऊन भाड्याच्या गाड्यांच्या दुकानात शिरला. मालकीणबाईनं पासपोर्ट ठेवून घ्यायला हात पुढं केला. यानं नाही म्हणून मान हलवली, झेरॉक्स आणि अनामत दिली. मग एका चकचकीत निळ्या गाडीशी उकिडवा बसून पुढच्या ब्रेकवर मोबाईलचा उजेड पाडला. पॅड संपत आले होते. त्यानं खुणेनं दाखवलं. बाई हसली आणि तिनं गाडी आत ढकलली. त्यानं एक जुनी, पण धड स्कूटर निवडली, तिच्यावरच्या ओरखड्यांचे फोटो काढले, दोघांच्या हेल्मेटचे पट्टे ओढून बघितले आणि मगच निघाला.

डोंगरावरच्या देवळाचा चढ सुरू झाला आणि हॉर्न वाजवत आबासाहेब त्यांच्या पुढं गेले. अर्धी चड्डी, डोक्यावर नुसती टोपी. खाली तीच निळी गाडी.

बाईनं ती आबासाहेबांना दिलीच होती, हे वैजनाथनं ओळखलं. ॲक्सिलरेटरची मूठ आपोआप पिळली गेली.

"अहो, हळू!" पंकजा ओरडली.

"मघाची गाडी हाय ती! चढताना काय व्हायचं न्हाई. उतरताना जाईल हा मानूस!"

"मग वर गाठू. देवळापाशी थांबतीलच ते. आपनच पडलो तर त्यांना कोन सांगनार?"

तो चाळीसवर आला. मागं बसून पंकजा फोन लावत होती, आबासाहेब उचलत नव्हते. समोरून गाड्या उतरत होत्या, आणि एखादी निळी दिसली की वैजनाथ आधी चालवणाऱ्याचं तोंड बघायचा.

वर आबासाहेब सेल्फी काढत उभे होते. वैजनाथनं स्कूटर लावली, सरळ जाऊन निळ्या गाडीची किल्ली काढली आणि खिशात घातली.

"ए, डोकं फिरलं का तुझं?"

"पुढचा ब्रेक गेलाय तिचा. तुमी टॅक्सीनं उतरा."

"वर आलो ना मी धडधाकट? चारचौघांत किल्ली काढून घेतोस?"

"शिव्या द्या. किल्ली मिळनार न्हाई."

आबासाहेबांनी त्या दिल्याही, लोक वळून बघेपर्यंत. मग तणतणत टॅक्सीत बसून निघून गेले.

तिथल्या एका फुलवालीनं स्कूटरच्या कागदावरचा नंबर बघून दुकानाला फोन लावून दिला. तासाभरानं माणूस टेम्पो घेऊन आला. वैजनाथनं टेम्पोतल्या पान्यानं त्याच्यासमोरच पॅड काढले. एका पॅडचा थर पार गेला होता, नुसतं लोखंड डिस्कवर घासत होतं. त्या माणसानं हात जोडून मान लववली. ते बघायला आबासाहेब नव्हते.

पुढं ते सहलभर बोलले नाहीत. नेवाशात परतल्यावर सांगत सुटले, की दहिफळेनं परदेशात माझी इज्जत काढली.

"त्या पॅडचा फोटो तरी काढायचा," पंकजा म्हणाली.

"सुचलंच न्हाई."

महिन्याभरानं न राहवून वैजनाथ नेवाशाला गेला. आबासाहेबांची सून बाहेर आली, म्हणाली, "मामा घरी नाहीत." आतून त्यांचा खोकण्याचा आवाज येत होता. वैजनाथ दारात जरा घुटमळला. हाक मारावी का, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं गाडीला किक मारली.