कुतुबमिनारपाशी शेजार

दिल्लीत कुतुबमिनारपाशी आईने दशम्यांचा डबा उघडला, तशी शेजारच्या बाकावरची बाई सरसावली.

“कुठले हो तुम्ही?”

“कराडचे.”

“अगंबाई, आम्हीपण!”

चौकशीत कळलं, त्या आमच्या मागच्याच गल्लीतल्या. वीस वर्षांत कधी बोलणं नव्हतं. इथे मात्र दोघी सख्ख्या बहिणींसारख्या गळ्यात पडल्या. चटणीच्या बदल्यात लोणचं आलं, माहेरं निघाली. “अगं, मिनार राहिला!” म्हणून बाबा कावले, पण कोणी उठेना. शेजार बघायला माणसाला एवढं लांब यावं लागतं की काय, कोण जाणे.

परवा त्या बाई कराडच्या मंडईत दिसल्या. आई नुसती हसली आणि पुढे निघाली.

“अगं, बोलायचं ना!” मी म्हटलं.

“आता घाई आहे रे. बोलू की सावकाश, ताजमहालला गेल्यावर.”