दुपट्ट्याआडचे मेल

माझ्या साडभाऊंइतका दुसऱ्याच्या पत्रांना भिणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांची हरवलेली पत्रं शोधून देण्यात त्यांच्याइतका तरबेज माणूसही तिथे दुसरा नव्हता. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी पुढच्या खोलीत एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर कायम एक दुपट्टा टाकलेला. दुपट्टा म्हणजे आपला पुरुषांचा, खांद्यावरचा. धुळीसाठी असेल असं मला वाटायचं. तसं नव्हतं.

त्या काळी मेल कॉम्प्युटरवरच उतरायचे आणि सगळ्या मेलची मिळून एकच लांबलचक फाईल व्हायची. तिला कुठे धक्का लागला की आतले शेकडो मेल एकदम दिसेनासे. साडभाऊ ती फाईल साध्या अक्षरांत उघडत आणि प्रत्येक मेलच्या माथ्यावरच्या, कोणाकडून, कोणाला, कधी, एवढ्याच ओळी धरून एकेक मेल सुटा करत. आधी हात साबणानं धुवायचे, मग फाईलच्या तीन नकला करायच्या, मूळ फाईलला बोटही लावायचं नाही. "पानी गढूळ झालं म्हनून बोडीतला मासा मरत नाई, साडभाऊ. फक्त दिसत नाई," असं ते मला दर भेटीत सांगत; बोडी म्हणजे इकडचं लहान तळं. आणि हे सगळं काम पडद्यावर दुपट्टा टाकून चाले! वर चार बोटांची फट ठेवायची, तिच्यातून माथ्याच्या ओळी दिसल्या की बास. खालचा मजकूर दुपट्ट्याआड. "ज्याचा मेल त्याचा," म्हणायचे. एकदा कोरपन्याचा एक कापसाचा व्यापारी आला. मुलीच्या सोयरिकीचा निरोप त्याच्या बिघडलेल्या फाईलमध्ये अडकला होता. दोन दिवसांनी साडभाऊंनी छापलेला कागद घडी घालून त्याच्या हातात दिला. तो बिचारा घामाघूम. "भाऊ, होकार आला का नाई, येवढं तं सांगा!" साडभाऊ म्हणाले, "मले काय मालूम? तुमीच वाचा." व्यापाऱ्यानं वाचलं आणि आनंदानं त्यांना मिठीच मारली, तरी हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे. मुलीचं लग्न ठरलं हे त्यांना पत्रिका आल्यावर कळलं.

अशा माणसाचं सासऱ्यांशी मात्र कधी जमलं नाही. आमचे सासरे गोंडपिपरीला शाळामास्तर होते, आणि रिटायर झाल्यावर सगळ्या गावाचे मास्तर झाले. साडभाऊंनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला सासऱ्यांचा लाडका रेडिओ, जरा खरखरतो म्हणून, कोणाला न विचारता खोलला. परत जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले. मास्तरांनी ते तीन स्क्रू बघितले, जावयाकडे बघितलं, आणि रेडिओ उचलून आतल्या खोलीत नेला. पुढची कित्येक वर्षं दोघांमध्ये 'आले का' आणि 'निघतो' यापलीकडे बोलणं झालं नाही. साडभाऊंना हे लागलेलं होतं. ते स्क्रू त्यांनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून कॉम्प्युटरशेजारी ठेवले होते.

मास्तरांनी सत्तरीत मेल शिकून घेतला. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात दर बुधवारी जायचं, दुकानदाराच्याच खात्यावरून, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचं आणि चंद्रपूरला धाकट्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, धाडायचं. ती ते मेल वाचून एकटीच हसायची. मास्तर गेले, वर्षभरात दुकानही बंद झालं, आणि वडिलांचं जे काही होतं ते आमच्या कॉम्प्युटरातल्या त्या एका फाईलमध्ये उरलं. एका रविवारी दुपारी कॉम्प्युटरनं मला नम्रपणे विचारलं, फाईल आवळून जागा वाचवू का? मी म्हटलं, वाचव. तो आवळत असतानाच लाईन, म्हणजे वीज, गेली. लाईन आली तेव्हा मेलच्या यादीत एकही मेल नव्हता.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं.  दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं आणि ते सांगायची माझी छाती नव्हती. तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन ब्रह्मपुरीच्या एसटीत बसलो. बायको शेजारी, खिडकीकडे तोंड करून.

साडभाऊंनी हात धुतले, नकला केल्या, दुपट्टा टाकला, आणि तासाभरानं डोकं खाजवलं. फाईल अशी फाटली होती की माथ्याच्या ओळीच उरल्या नव्हत्या. "आतला एखादा शबुद पायजे. मास्तर नेहमी लिहित असन असा." मी साताऱ्याकडचा, शहाणपणानं म्हटलं, 'मला', 'तुला' शोधा, प्रत्येक पत्रात असणारच. दिवसभर शोधलं. माझ्याच मावशीचे दोन मेल निघाले. संध्याकाळी बायको पहिल्यांदा बोलली, "बाबा जन्मात कधी 'मला' म्हणाले होते का? 'मले' म्हणायचे!"

साडभाऊंनी लगेच एम, ए, एल, ई अशी अक्षरं टाकली. क्षणात शेकडो नोंदी सापडल्या! साडभाऊंनी आशेनं दुपट्टा जरा वर केला, फटीतून पाहिलं, आणि विंचू चावल्यासारखे मागे सरले. मेलमध्ये तेव्हा पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडे, आणि इंग्रजीत पुरुषाला काय म्हणतात ते आम्हां तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. "रामा रामा! सासऱ्याच्या नावानं काय काय निघून राह्यलं बाप्पा!" त्यांनी दुपट्टा खालपर्यंत ओढला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. आणि हसता हसताच ती म्हणाली, "भाऊजी, 'काऊन' शोधा. त्यांचं प्रत्येक पत्र 'काऊन वो, जेवली का?' नं सुरू व्हायचं."

काऊन म्हणजे इकडे 'का'. सकाळी साडभाऊंनी तो शब्द टाकला आणि मास्तर निघायला लागले. काऊन वो, जेवली का? काऊन वो, फोन काऊन नाई केली? एकामागून एक, एकोणऐंशी पत्रं. पत्राचा शेवट कुठे होतो हे कळायला मजकूर बघणं भाग होतं, म्हणून साडभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा दुपट्टा काढून खांद्यावर घेतला. "माफ करा, मास्तर," असं पडद्याला म्हणाले आणि एकेक पत्र छापत गेले. त्यांच्याबद्दलही काय काय होतं त्यात! 'मोठा जवाई आला होता, घड्याळ लपवून ठेवलो.' ते त्यांनी शब्दही न गाळता छापलं.

शेवटच्या पत्राशी ते थबकले. मी मागून ओळ वाचली: 'मोठ्या जवायाले सांगू नोको, पन'. एवढं दिसताच साडभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा पडद्यावर टाकला. अंदाजानंच छापलं, कागद प्रिंटरमधून पालथा काढला आणि घडी करून बायकोच्या हातात दिला.

पुढे लिहिलं होतं: 'पन तो रेडिओ त्यानं खोलला तवापासून लय साफ वाजते. म्या त्याले सांगतलो नाई. सांगतलो तं घरातलं सारंच खोलून टाकन.'

बायकोनं ते वाचून डोळे पुसले आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "भाऊजी, तुम्ही वाचाच." साडभाऊंनी मान फिरवली. "नाई. मास्तर सांगू नोको म्हने, तं नोको. ज्याचा मेल त्याचा." मी तोंड उघडलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले.  काय लिहिलं असेल, याचा त्यांनी आपल्या परीनं अंदाज बांधला होता, आणि तो चांगला नव्हता.

पुढच्या महिन्यात आम्ही परत ब्रह्मपुरीला गेलो. बायकोनं गोंडपिपरीहून बाबांचा रेडिओ आणला होता. तो टेबलावर ठेवत ती एवढंच म्हणाली, "वाजते का, पाहा बरं." साडभाऊंनी कुंकवाची डबी उघडली, तीन स्क्रू तळहातावर घेतले आणि बटण फिरवलं. नागपूर केंद्राच्या बातम्या लागल्या. खरखर नाही, काही नाही, निवेदिका जणू खोलीत बसून बोलत होती. ते बराच वेळ ऐकत राहिले. रेडिओ त्यांनी पालथा करून पाहिला. तिन्ही भोकं तशीच रिकामी होती. मास्तरांनी इतक्या वर्षांत कोणाला त्याला हात लावू दिला नव्हता.

"मास्तर हाच ऐकत होते?" त्यांनी विचारलं.

"रोज," बायको म्हणाली.

साडभाऊंनी स्क्रू पुन्हा डबीत ठेवले. मग कॉम्प्युटरवरचा दुपट्टा ओढला आणि स्वतःच्या तोंडावर घेतला. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. दुसऱ्याचं खासगी पाहू नये, हे आम्ही त्याच खोलीत शिकलो होतो.