सूर्यमाळच्या वाटेवरचे सुस्त पडदे

विक्रमगड मागे पडलं, जव्हारचा चढ सुरू झाला आणि आमच्या गाडीतल्या पडद्यांनी दगा दिला. मी बटण दाबून धरलं होतं, पडदा सरकारी फायलीसारखा सावकाश खाली सरकत होता आणि वळणावरचं ऊन थेट सुमनच्या तोंडावर येत होतं. तिने डोळ्यांवर पदर घेतला.

सुमन माझी बायको. लग्नाआधी ती सूर्यमाळच्या एका पाड्यावर (डोंगरातल्या वस्तीवर) शाळेत शिकवायची. मधे डोळ्यांचं मोठं दुखणं झालं, तेव्हापासून तिला उजेड सोसत नाही. काळा चष्मा असला तरी ऊन लागलं की डोकं फुटायची पाळी. "एकदा ते डोंगर बघायचेत हो," एवढंच तिचं मागणं. म्हणून जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि विजेवर चालणारे पडदे बसवून घेतले. सावली आली की पडदा वर, ऊन आलं की खाली. बटणं माझ्या हाताशी, म्हणजे चालत्या गाडीत तिला उठायला नको. कागदावर सगळं झकास होतं.

जव्हारच्या बाजारात पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारं एक दुकान सापडलं. मालकाने पडदा खालीवर करून पाहिला.

"मोटर चांगली हाय. बाजूच्या पट्टीत अडकतंय. ग्रीस मारतो, पळंल बघा."

आणि पळाला की! मी खूश होऊन करवंदं घेतली. सुमन द्रोण मांडीवर घेऊन बसली.

"उद्या दिसतील ना हो डोंगर?"

"दिसतील म्हणजे काय!" मी छाती काढून म्हणालो. माझ्या या स्वभावाचा मला आता राग येतो.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला. लाल धुळीचे लोट उठत होते. खिडक्यांच्या पट्ट्यांतल्या ग्रीसने ती धूळ आनंदाने खाल्ली आणि तिचा चिखल झाला. पाड्याच्या तोंडाशी आलो तेव्हा पडदा अर्ध्यावर अडकला, तो ना खाली ना वर. ऊन सुमनच्या डोळ्यांत. तिला उलटी झाली. मी पडद्याला हातांनी ओढत होतो आणि शिव्या देत होतो.

पहिल्याच घरातून एक बाई धावत आली. सुमनला बघून थबकली.

"बाई? आमच्या सुमनबाई काय? मी काशी, तुमच्या शाळेतली! आत चला, भायेर ऊन लय."

घर कुडाचं (कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतींचं). खिडकी नाही. आतल्या थंड अंधारात सुमनने त्या दिवशी पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले. काशीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पट्ट्या धुवायला बादलीभर पाणी मागितलं.

"प्यायला देते दादा, धुवायला नाय. विहिरीत उतरून वाटीनं भरतो आमी." मग तिने चुलीतली राख टोपलीत आणली. "भांड्याचं चिकट आमी राखेनंच काढतो. कोरडीच घासा."

ऊन उतरेपर्यंत काशी आणि मी राख आणि चिंधी घेऊन पट्ट्या घासत होतो. शेवटी बटण दाबलं तर पडदा सपकन खाली, सपकन वर. मी आत धावलो.

"सुमन, चल! दुरुस्त झाला!"

ती पडूनच होती. माझ्यामागून आत आलेल्या काशीचा तिने हात धरला. "आज नको. उद्या जाताना बघू."

रात्री नागलीची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली. दोघी जुन्या पोरांची नावं काढून हसत होत्या आणि मला वाटलं, जमलं.

सकाळी निघालो. डोंगरांची रांग समोर आली, गाडीच्या बाजूला दाट सावली होती. मी थांबलो, बटण दाबलं. पडदा वर गेला. सुमनने तोंड पदरात घातलं.

"खाली घ्या."

"अगं, सावली आहे. बघ तरी."

"बघवत नाही हो. कधी ऊन येईल याचीच आता भीती बसलीय. घरी चला."

प्रवासाहून माणूस घरी काहीतरी घेऊन येतो. आम्ही ती भीती घेऊन आलो. तिच्यावर घासायला राख कुठून आणू?

मी बटण दाबलं. पडदा इतका झटकन खाली आला, की मला रडूच आलं.