हवालदारांची पुस्तकं आणि साळूबाईचे स्वेटर

चिठ्ठी उघडली आणि साळूबाईनं ती लगेच पुन्हा मिटली. चिठ्ठीवर एकच शब्द होता. खरं.

"काय निगालं, काकू?" वाचनालयाच्या मायानं विचारलं.

"निगालं काय तरी," असं म्हणत साळूबाई ती चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधायला लागली. पण माया बांधू देते होय! तिनं चिठ्ठी अलगद काढून घेतली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, पाटीवर ठळक अक्षरांत 'खरं' लिहिलं आणि पाटी साळूबाईच्या मांडीवर ठेवली. साळूबाईला ती पाटी जात्याच्या तळीएवढी जड लागली.

पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात मोगरवाडी आहे. तिथं पाडव्याला गुढी उभारली की सगळा गाव वाचनालयात पाटीपूजनाला जमतो. पोरांच्या पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, ही रीत जुनीच. तीन वर्षांपूर्वी मायानं तिच्यात भर घातली. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, मोठ्या माणसांनी प्रत्येकी एक शब्द उचलायचा, पाटीवर लिहून दारावर टांगायचा आणि वर्षभर त्याला धरून वागायचं. पहिल्याच वर्षी केरूला 'मौन' निघालं, तर त्याच्या बायकोनं गावात पेढे वाटले. गडी तिसऱ्या दिवशी ग्रामसभेत बोलायला उभा राहिला, ती गोष्ट वेगळी. सुभेदार आप्पासोंना 'माफी' निघालं. "कुणी कुणाची मागायची ते लिवलं न्हाई ह्यात," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी डब्यात परत टाकली.

पण साळूबाईला हसू येईना. तिनं पुरुषांच्या बाजूला बघितलं. तिचा नवरा, निवृत्त हवालदार लालासाहेब, भिंतीला टेकून बसले होते. पांढऱ्या मिशा, ताठ मान. त्यांनी पाटी बघितली आणि मिशीवरचा हात मिशीवरच राहिला.

कारण त्या दोघांत एक गुपित होतं. अकरा वर्षं जपलेलं.

सगळ्या मोगरवाडीला ठाऊक होतं की हवालदार वाचतात आणि साळूबाई विणते. वाचनालयाच्या वहीत हवालदारांच्या नावावर आठवड्याला दोन-तीन पुस्तकं पडत. आणि थंडीत गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर साळूबाईचा स्वेटर असे. पाटणच्या बाजारात लोक तिला 'स्वेटरवाली आज्जी' म्हणून ओळखत. अगदी पक्की माहिती होती ही. फक्त उलटी होती.

झालं होतं असं. लालासाहेब बर्फातल्या चौकीवर होते, तेव्हा थंडीनं त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. लष्करी दवाखान्यात पाच महिने पडून राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक पहाडी शिपाई होता, तो दिवसभर विणत बसे. "हात चालू ठेव, डोकं ठिकाणावर राहील," म्हणत त्यानं लालासाहेबांच्या हातात सुया दिल्या. बर्फाच्या चकाकीनं डोळे अधू झालेले, जवळचं अक्षर मुंग्यांसारखं पळायचं. पण सुलटा टाका कुठला आणि उलटा कुठला, हे त्यांच्या बोटांना न बघता कळायला लागलं. फौज सुटली, सुया सुटल्या नाहीत. ट्रंकेत टॉवेलात गुंडाळून त्या घरी आल्या.

इकडं साळूबाई मूळची माधवनगरची, गिरणीकामगाराची लेक. सातवीपर्यंत शिकलेली आणि वाचनाची अशी खाज की भडंगाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकायची. मोगरवाडीत वाचनालय निघालं तेव्हा ती नाव घालायला गेली. तिथल्या तेव्हाच्या कारकुनानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" तिनं सांगितलं. त्यानं तेच लिहिलं. तेव्हापासून पुस्तकं हवालदारांची.

आणि स्वेटर? लेकीच्या बाळाला लालासाहेबांनी पहिली टोपी विणली, तेव्हा शेजारची दगडाबाई टपकली. "कुनी इनली गं?" हवालदार दचकले आणि पटकन म्हणाले, "हिनं." बस्स. एका शब्दावर अकरा वर्षं गेली.

रोज दुपारी दार लावून दोघं बसायची. ती मोठ्यानं वाचायची, ते ऐकत विणायचे. दारावर थाप पडली की फौजी कवायत व्हायची. पुस्तक त्यांच्या हातात, सुया तिच्या हातात, तीन आकडे मोजायच्या आत. एकदा घाईत पुस्तक उलटं धरलं गेलं. दगडाबाई बघतच राहिली. "आवं हवालदार, पुस्तक उलटं हाय तुमचं!" हवालदार म्हणाले, "फौजेत असंच शिकिवत्यात. समोरच्याला कळाय नको, आपण काय वाचतोय ते." दगडाबाईनं मान डोलावली. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न, कोण काय बोलणार! पण एवढा वाचणारा माणूस, त्याला साधा चष्मासुद्धा नाही, हे मात्र गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"सांगून टाकू या की आवं," साळूबाई कधीमधी म्हणायची.

"खुळी का काय तू? ह्या मिशीखाली सुया? आप्पासो मला पारावर बसू दील का?"

मग तीही विषय सोडून द्यायची. खरं तर तिलाही ते 'स्वेटरवाली आज्जी' गोड लागत होतं. माधवनगरहून इथं आली तेव्हापासून ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. नावाला असं काही चिकटलं ते पहिल्यांदाच.

तर आज मांडीवर ही पाटी, आणि माया उभी राहून बोलायला लागली. "सरत्या वर्षात एकशे त्रेचाळीस पुस्तकं वाचून आपले हवालदारकाका पहिले आलेत. त्यांनी आवडत्या पुस्तकावर दोन शब्द बोलायचेत. आणि त्यानंतर आपल्या साळूकाकू अंगणवाडीच्या पोरांसाठी स्वेटरचा गळा कसा काढायचा, ते सगळ्या बायकांना इथंच करून दाखवतील."

साळूबाईच्या कानात कुकरची शिट्टी झाली. 

आधी कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मायाला गंमत करायची होती, म्हणे.

हवालदार उठले. साळूबाईनं डोळे मिटून घेतले. पण गडी बोलला की! दीपगृहावर एकटा राहणाऱ्या म्हाताऱ्याची ती जाड कादंबरी, गेल्याच महिन्यात साळूबाईनं वाचून दाखवलेली. त्यातली वादळाची रात्र हवालदारांनी अशी सांगितली की केरूनं तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. टाळ्या पडल्या. हवालदार जाग्यावर येऊन बसले आणि मिशीला पीळ दिला. सुटले!

आता साळूबाई.

मायानं एका पोराला पाठवून साळूबाईच्या घरून गुपचूप मागवलेली लोकरीची टोपली तिच्यासमोर ठेवली. तिच्यातला स्वेटर हवालदारांनीच परवा गळ्यापर्यंत आणून ठेवलेला, पिवळ्या लोकरीचा, तीन वर्षांच्या पोराच्या मापाचा. बायका सरकून सरकून जवळ आल्या. दगडाबाई तर गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"दाव गं साळू. माझ्या नातवाला पण करायचाय."

"आज माझा हात दुकतोय."

"एकच टाका दाव की. दुकल्या हातानं आमाला चार चपात्या करून वाढशील, आन टाका दाखवाय दुकतोय व्हय?"

हशा झाला. साळूबाईनं सुया उचलल्या. अकरा वर्षं बघितलेलं सगळं तिनं आठवलं, दोरा बोटावर घेतला, सुई घातली. आणि कुठलं काय! दुसऱ्या सुईवरचे टाके सुटले. एक, दोन, पाच. पिवळी वीण वरून खाली घळघळ उतरायला लागली, शिडीच्या पायऱ्या मोडत जाव्यात तशी. दगडाबाईचा हात तोंडावर गेला. माया वाकून बघायला लागली. आता सगळा गाव म्हणणार, हिला काहीच येत नाही. हिनं अकरा वर्षं आपल्याला बनवलं.

"थांब! हालू नगंस! सुई काढू नगंस भाईर!"

पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, परेडच्या मैदानावर येतो तसा. हवालदार उठले होते. पाय ओढत, माणसं ओलांडत ते आले आणि बायकांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. साळूबाईच्या हातातून सुया घेतल्या. डोळे वर छताकडं, आणि बोटं खाली भराभर चालली. एक टाका उचलला, दुसरा उचलला, उतरलेली वीण पायरी पायरीनं वर चढायला लागली.

आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, तोपर्यंत चौथा टाका सुईवर चढला होता. हात थांबले. मिशी आहे, सुया आहेत, आणि सगळा गाव डोळे फाडून बघतोय.

लालासाहेबांचं तोंड राखेसारखं झालं. बर्फात पायाची बोटं गेली तेव्हासुद्धा ते असं झालं नसेल.

साळूबाईनं पाटीकडं बघितलं. आत्ता गप्प बसलं तर? 'बायकोला मदत केली' म्हणून खपून जाईल. तिचं नाव राहील, त्यांची मिशी राहील. पण दारावर ही पाटी टांगून वर्षभर तिच्या खालून ये-जा करायची कशी?

ती उभी राहिली.

"समदे स्वेटर ह्यांनी इनलेत," ती म्हणाली. "पयल्या टोपीपास्नं. मला साधी गाठ येत न्हाई. आन ती पुस्तकं मी वाचली. ह्यांना अक्षार दिसत न्हाई जवळचं. मी वाचायची, हे ऐकायचे."

"म्हंजी..." दगडाबाईनं हवेतच हातानं पुस्तक पालथं केलं. "म्हंजी त्ये उलटं पुस्तक..."

"उलटंच हुतं," साळूबाई म्हणाली.

"आन फौज?"

"फौजेत सरळच वाचत्यात, दगडाबाई."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. सुभेदार आप्पासो उठले होते. दम्यामुळं बारा महिने अंगात घालायचा त्यांचा तो राखाडी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. साळूवैनीच्या हातचा म्हणून चार वर्षं त्यांनी पारावर त्याचं कौतुक केलेलं. 

"लाल्या," आप्पासो म्हणाले, "हे माझ्या अंगातलं..."

"व्हय, सुभेदार," हवालदार मान खाली घालून म्हणाले. "मीच."

आप्पासोंनी स्वेटर काढायला सुरुवात केली. भर सभेत, पाडव्याच्या दिवशी! डोक्यातून काढताना टोपी पडली, ती उचलायचंही त्यांना भान नव्हतं. दम लागला होता. स्वेटर हातात धरून ते सतरंजीपर्यंत चालत आले. आता हा तो तोंडावर फेकतोय, असं साळूबाईला वाटलं, आणि ती नवऱ्याच्या पुढं सरकली.

आप्पासोंनी स्वेटर उलटा केला आणि काखेत बोट घातलं. बोट आरपार बाहेर आलं.

"तीन वरसं झाली उसवून. वैनीला काख कशी दावायची, म्हणून गप हुतो. गाठ मारून मारून घालतोय." त्यांनी तो हवालदारांच्या मांडीवर टाकला. "तूच हायस, तर मग सांगायचं न्हाई व्हय, बेन्या? घे. नीट कर."

तेव्हा मात्र वाचनालयाचं छत उडायची वेळ आली. केरू तर हसता हसता भिंतीला धरून खाली बसला. हवालदारांनी काख तपासली, गाठी बोटांनी चाचपल्या आणि कपाळाला हात लावला. "सुभेदार, ह्या गाठी हायत का गोफण? समदं उसवाय लागतंय."

"उसव. मी बसलोय."

आणि आप्पासो खरंच बसले, बायकांच्या सतरंजीवर, नुसत्या सदऱ्यावर.

साळूबाईला मात्र अजून काही सुधरत नव्हतं. 'स्वेटरवाली आज्जी' गेली, आता आपण कोण, एवढंच तिच्या डोक्यात. मायानं सदस्यांची वही उघडून समोर धरली. हवालदारांच्या नावावर आडवी रेघ मारलेली होती, खालची ओळ मोकळी.

"नाव सांगा, काकू."

"कुटुंबप्रमुखाचं?" साळूबाईनं सवयीनं विचारलं.

"वाचणाऱ्याचं."

साळूबाईनं मायाच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. तेवढ्यात सतरंजीवरून हवालदारांचा आवाज आला, "साळू, आगं नुसतंच किती येळ उसवू? टोपलीत लोकरीखाली हाय ते काल आर्दं राहिलेलं पुस्तक काढ की."

"वैनी, पयल्यापास्नं वाचा," आप्पासो म्हणाले. "मी न्हाई ऐकलेलं."