वर्गातलं कुंकू

मारुंजीला आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत. भाडेकरू बरेच आले नि गेले. त्यात एकीलाच मी घरचं माणूस धरलं. ती विद्यापीठात शिकवायची. मी तिला मॅडम म्हणायचे. मॅडम कामाला गेल्या की त्यांची लहान मुलगी माझ्याकडे असायची. दूध-भाकरी खाऊन माझ्याच मांडीवर झोपायची.

पुढं मॅडमनी जांब्याला फ्लॅट घेतला. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. येणं-जाणं राहिलं. एकदा मॅडम म्हणाल्या, "आजी, माझ्या वर्गात याल का? विधवेला कसं बाजूला ठेवतात, ते पोरांनी तुमच्या तोंडून ऐकावं."

"मी चौथी शिकलेली. मी काय सांगनार?"

"घडलं ते सांगा. तिथं सगळे सारखे."

वर्गात सगळे गोल बसले होते, मॅडमसुद्धा. मी सांगितलं. नवरा गेल्यावर माझ्याच मुलाच्या हळदीत कुंकवाचं ताट माझ्या डोक्यावरून पलीकडं गेलं. पलीकडं माझी जाऊ बसली होती. एक पोरगी रडायला लागली. तिला म्हटलं, "रडू नगं. भातलावनीला मलाच पुढं घालायचे. चिखलात कुनाला माझं वावडं न्हवतं."

मग मॅडम उठल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला कुंकू लावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला हे आधी सांगितलेलं नव्हतं. वाटेत पुसता आलं असतं. पुसलं नाही. तशीच आळीतून घरी आले.

जाऊ दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता हिरवा चुडा बी भर. नवरा बघू का?"

"बघ. तुज्यापेक्षा बरा बघ."

त्यानंतर तिनं बोलणं टाकलं. भावकीतल्या बायकांनी बोलावणं बंद केलं. मी रोज कुंकू लावत राहिले. मॅडम पाठीशी आहेत असं धरून चालले होते.

मग मॅडमच्या मुलीला दिवस गेले. डोहाळजेवण जांब्याला ठरलं. मी ओटीसाठी हिरवा खण आणला, नारळ आणला. आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"आजी, तुम्ही संध्याकाळी या. निवांत बोलू."

"वटी तर दुपारची हाय न्हवं?"

त्या म्हणाल्या, "तिच्या सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. पहिलं बाळंतपण. कुणाच्या मनात काही यायला नको."

"आन् वर्गात कुंकू लावलं ते?"

"आजी, तो वर्ग होता."

मी फोन ठेवला. संध्याकाळी गेले नाही. मुलीचा फोन येईल असं वाटत होतं. आला नाही. आईपेक्षा तिचं जास्त लागलं. नारळ भाजीत घातला. कुंकू मात्र पुसलं नाही. जावेला तेवढं सुख द्यायचं नव्हतं.

बाळंतपणानंतर मॅडम बर्फी घेऊन आल्या. नात झाली होती. मी बर्फी खाल्ली, लेकरू कसं आहे विचारलं. जाताना त्या म्हणाल्या, "नवी मुलं आलीत वर्गात. मागच्यासारखं बोलायला याल ना?"

"येते की. पन ह्या वक्ती वटीचं बी सांगनार."

मॅडमनी चपला घातल्या. "बघते, कळवते," म्हणाल्या.

अजून कळवलेलं नाही.