सुई सुटली, लिंग अडलं

वैजिनाथदादा माझे थोरले बंधू. सिरसाळ्यात त्यांचं भुसार दुकान. माणूस हट्टी किती, ते त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारा. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोजची सुई सांगितली, ती त्यांनी मुकाट घेतली. पण गळ्यात शिवाचं लिंग असल्याशिवाय घास नाही की पाण्याचा घोट नाही म्हणजे नाही! आम्हा लिंगायतांत हा नियमच आहे. दादांनी तो तापात फणफणतानाही मोडला नव्हता.

दादांचा मुलगा संगमेश बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. त्याला मुलगा झाला. बाळाला लिंग बांधायच्या कार्यासाठी त्यानं दादा, उमावैनी आणि मी, तिघांची विमानाची तिकिटं पाठवली. विमान पळवून नेल्याची बातमी ताजी होती, तपासणी कडक होती, त्यामुळे आम्हाला घोर सगळा सुईचा. वैनींनी इन्सुलिनची बाटली बर्फाच्या थर्मासात घातली. सिरिंज, कापूस, ग्लुकोजचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत. पोलिसानं अडवलं तर त्याला काय सुनवायचं, ते मी जीपमध्येच ठरवून टाकलं होतं.

विमानतळावर रांग छोटी दिसली. आत जाऊन भाकरी खायची, म्हणून दादांनी बाहेरच सुई टोचून घेतली. पिशवी यंत्रातून गेली. पोलिसानं चिठ्ठी वाचली, थर्मास उघडून पाहिला आणि म्हणाला, "न्या." एवढंच! माझं भांडण वायाच गेलं.

मग दादा धातू शोधणाऱ्या चौकटीतून गेले आणि चौकट बोंबलली.

गळ्यात चांदीची डबी. डबीत काळं, गुळगुळीत, घट्ट लिंग. पोलिसानं ते यंत्रात घातलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घातलं. "साहेबांना दाखवावं लागेल," म्हणत ते घेऊन आतल्या खोलीत गेला. मी त्याच्या मागं धावलो. देव आहे तो, शिवू नका, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही त्याला! साहेब शांतपणे म्हणाले, "बसा काका, फोन करून विचारतो." अर्धा तास झाला तरी फोन काही लागेना. मी साहेबांशी भांडत राहिलो.

बाहेर येऊन बघतो तर काय! दादा बाकावर घामानं निथळत होते. हात लटलट कापत होते. सुई अंगात भिनलेली आणि पोट रिकामं. वैनी पाण्यात ग्लुकोज कालवून भांडं त्यांच्या तोंडाशी धरत होत्या आणि दादांनी दात घट्ट आवळले होते.

"घ्या की वो! शुगर उतरली तुमची."

"लिंग न्हाई अंगावर," दादा दातांतूनच बोलले. "मेलो तरी थेंब न्हाई घेनार."

"बसूभावजी, सांगा की त्यांना!"

मी आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडलो, "साहेब, लिंग द्या आधी!" तेवढ्यात दादांचे डोळे फिरले आणि ते बाकावरून खाली घसरले.

वैनींनी भांडं फेकलं. दादांना कुशीवर वळवलं, कोरडी पूड बोटावर घेतली आणि त्यांचा ओठ ओढून गालाच्या आत चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या बाईनं नवऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता, ती भर विमानतळावर त्याचा नेम मोडत होती. मला धक्का दादा पडल्याचा जास्त बसला की वैनींचा, हे मला आजही सांगता येत नाही.

साहेब स्वतः लिंग घेऊन धावत आले. त्याच वेळी दादांनी डोळे उघडले. जीभ गालात फिरली. गोडी कळली तसा त्यांचा चेहरा काळवंडला.

"कुनी घातलं?"

"म्या."

"लिंग अंगावर नसताना? तुला भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं," वैनी म्हणाल्या. फेकलेलं भांडं उचलून त्या पुन्हा ग्लुकोज कालवत होत्या. "पर देव आत टेबलावर व्हता. त्यो माघारी येनारच व्हता. तुमी निघाले व्हते."

दादांनी साहेबांच्या हातातून लिंग घेतलं, कपाळाला लावलं, गळ्यात घातलं आणि वैनींच्या हातातल्या भांड्यापुढं तोंड उघडलं.